शक ३८० आणि दोन युधिष्ठिर

वर्गात ‘शके’ हा शब्द आला की विद्यार्थी ७८ मिळवतात आणि मोकळे होतात. पण बेरीज करायला आधी आकडा हवा, आणि तो आकडा कोणाचा हेही कळायला हवे.

लोणार तालुक्यातील बीबीहून पूर्वेकडे गेले की वाशीम लागते. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले वत्सगुल्म ते हेच. इथल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटात वंशावळ संस्कृतात आहे आणि पुढील व्यवहाराचा मजकूर प्राकृतात. काळ दिला आहे तो असा : राज्यवर्ष ३७, हेमंताचा पहिला पक्ष, दिवस चौथा. महिन्याचे नाव नाही. ऋतूंच्या पक्षांनी मोजण्याची ही रीत सातवाहनांच्या लेण्यांतील लेखांची. ज्याच्यासाठी तो लिहिला त्याला एवढे पुरेसे होते. आपल्याला मात्र सदतिसावे वर्ष कळते, पहिले कधी सुरू झाले ते कळत नाही. राजाबरोबर त्याची कालगणनाही संपते.

म्हणूनच वाशीमजवळच्या हिस्से-बोराळ्याचा शिलालेख मोलाचा. देवसेन वाकाटकाचा आज्ञाधारक स्वामिल्लदेव याने सुदर्शन नावाचे सरोवर बांधविले, त्याची ही नोंद. तीत शकांचे ३८० वे वर्ष आहे (इ.स. ४५८ चा सुमार) आणि सप्तर्षी उत्तरा फाल्गुनीत असल्याचा उल्लेखही आहे. (नावाचे मूळ गिरनारच्या सुदर्शनात असावे. तो तलाव याच सुमारास फुटला आणि दुरुस्त झाला. पण तिथे वर्षे लिहिली गेली गुप्त संवताची, १३६ आणि १३७.)

सप्तर्षी एका नक्षत्रात शंभर वर्षे राहतात, असे जुने गणित. युधिष्ठिराच्या काळी ते मघांत होते आणि शकापूर्वी २५२६ वर्षे लोटली होती, हे वृद्धगर्गाचे मत वराहमिहिराने नोंदविले आहे. २५२६ आणि ३८० मिळून २९०६. २७०० वर्षांचे एक आवर्तन वजा केले की २०६ उरतात; मघांपासून तिसरे नक्षत्र उत्तरा फाल्गुनीच! आता सप्तर्षी आकाशात असे नक्षत्रामागून नक्षत्र सरकत नाहीत. म्हणजे स्वामिल्लदेवाच्या लेखकाने वर पाहून काही टिपले नाही. त्याने हिशेब केला. सप्तर्षींना शकाचा स्वतंत्र साक्षीदार मानणे त्यामुळे आम्हाला पटत नाही.

पावणेदोनशे वर्षांनंतर ऐहोळे येथे रविकीर्तीने दुसऱ्या पुलकेशीची प्रशस्ती कोरविली. तिच्यात भारतयुद्धाला ३७३५ वर्षे झाली आणि शकांची ५५६, अशी दुहेरी गणना आहे. वजाबाकी केली तर युद्ध शकापूर्वी ३१७९ वर्षे. वृद्धगर्गाच्या युधिष्ठिरापेक्षा हा युधिष्ठिर ६५३ वर्षांनी जुना! पुढे काश्मिरात कल्हणाने कलीची ६५३ वर्षे गेल्यावर कौरव-पांडव झाले असे म्हटले, ते हेच अंतर.

महाकाव्याचा काळ असा दोन जागी, शक मात्र दोन्हीकडे एकच. देवसेनाचा मुलगा हरिषेण; त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. त्या लेण्यातील लेखात वर्ष नाही. अजिंठ्याच्या या पर्वाचा काळ ठरविताना अभ्यासकांना आजही हिस्से-बोराळ्याच्या ३८० या आकड्याकडे परतावे लागते.