वाण जपायचा तर माल घेणारा संघ पाहिजे



आपल्या उमरखेड भागात ऊस, हळद, पराटी. द्राक्षाचा आपला तसा संबंध नाही. तरी आज द्राक्षाचा इतिहास लिहितोय, कारण त्यात आपल्या बियाण्याचीच गोष्ट आहे.

नाशिककडं पूर्वी भोकरी, फकडी, पंढरी साहेबी असे जुने वाण होते. भोकरीला माल भरपूर लागायचा, पण बिया असायच्या आणि ती टिकायची कमी. १९६० साली महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ झाला. त्याच सुमारास बिनबियांचं थॉमसन सीडलेस आलं आणि भोकरी मागं पडली. वाण बाहेरचा होता, पण आपल्या शेतकऱ्यांनी त्यातून निवड केली. तासगाव तालुक्यात बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी तास-ए-गणेश काढला, सोलापूरजवळ नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी सोनाका. १९९१ साली द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी मिळून महाग्रेप्स काढलं, माल युरोपात गेला. संघटना झाली, बाजार मिळाला. जुने वाण मात्र बागेतून गेले ते गेलेच. आता परदेशी कंपन्यांचे नवे वाण लावायचे तर रॉयल्टी मोजावी लागते.

फ्रान्समध्ये पिरेनीज डोंगराच्या पायथ्याला वेगळं घडलं. १८६० नंतर अमेरिकेतून आलेल्या फिलोक्सेरा किडीनं तिथल्या वेलींची मुळं खाल्ली. पुढं अमेरिकन खुंटावर कलमं बांधून बागा परत उभ्या केल्या, पण त्यात कितीतरी गावठी वाण सुटले. १९७९ साली प्लेझाँस, एन्याँ आणि सेंट-माँ इथल्या तीन सहकारी वायनरी एक झाल्या. तिन्ही नावांची सुरुवात-शेवट जोडून नाव ठेवलं प्लेमाँ. त्यांनी स्थानिक वाणांचीच वाईन करायचं ठरवलं. जुन्या बागांतून काड्या गोळा करून २००२ साली वाणांची संग्रह-बाग लावली. सारागाशी गावात रेताड जमिनीमुळं किडीतून वाचलेली जुनी बाग आहे. सरकारनं २०१२ साली तिला ऐतिहासिक वास्तूचा दर्जा दिला. त्यांनी पुन्हा लावलेल्या मॅन्सेंग न्वार या काळ्या वाणाच्या वाईनमध्ये अल्कोहोल कमी राहतं. उन्हाळा वाढला की द्राक्षात साखर वाढते, म्हणून हा विसरलेला वाण आज कामाचा ठरतोय.

आता आपलं बघा. पैनगंगेपलीकडची नांदेडची गावरानी पराटी देशी कापसात नावाजलेली होती. घरची सरकी राखून पेरायची, पाण्याचा ताण सोसायची, रसशोषक किडीला कमी बळी पडायची. १९७० नंतर संकरित आलं, २००२ नंतर बीटी. उत्पादन वाढलं हे खरंच आहे, पण आता दरसाल पाकीट विकत घ्यावं लागतं. परभणी विद्यापीठानं पीए-२५५ सारखे सुधारित देशी वाण काढले. तरी पेरा वाढत नाही, कारण व्यापारी देशी कापूस वेगळा तोलत नाही अन् वेगळा भावही देत नाही.

माझं म्हणणं एवढंच. एकट्या शेतकऱ्यानं हौसेनं दोन तास देशी लावून वाण टिकत नाही. प्लेमाँनं माल घेतला, म्हणून तिथला शेतकरी जुनी वेल लावू शकला. आपल्या गटांनी, उत्पादक कंपन्यांनी आधी देशी कापसाचा गिऱ्हाईक शोधावा, मग बियाणं वाटावं.

तुमच्याकडं कोण्या घरी गावरान सरकी शिल्लक असंल तर कळवा.