साहेबांची रोजी

कंटेनरच्या कडीत बॉटल सील दाबलं की 'कट्' असा आवाज येतो. अकोल्याच्या एमआयडीसीत तो ऐकायला आम्ही कधी कधी दिवस मावळेस्तोवर थांबायचो. मी रुईगाठींच्या एका व्यापाऱ्याकडे निर्यातीचे कागद पाहायचो. कंटेनर गोदामातच भरायचा तर सील मारायला कस्टमचे सरकारी साहेब हजर हवेत. त्यासाठी एमओटी भरायची. म्हणजे मर्चंट ओव्हरटाइम, साहेबांच्या जादा वेळेचे व्यापाऱ्याने मोजलेले पैसे. चलान हातात घेतलं की मालक म्हणायचे, "कर बी आपनच द्याचा, अन् कर घेनाऱ्याची रोजी बी आपनच द्याची?"

वऱ्हाडाला हा सवाल जुना आहे. निजामासाठी म्हणून इंग्रजांनी ठेवलेल्या कंटिन्जंट फौजेचा खर्च निजामाकडे थकला, म्हणून 1853च्या तहात इंग्रजांनी अख्खा वऱ्हाडच त्यापोटी लावून घेतला. फौज आणि कारभाराचा खर्च वजा जाऊन उरेल ते निजामाचं, असा करार. खर्च फुगत गेला, उरणं आटत गेलं. हैदराबादची ती कायमची तक्रार. 1902 साली व्हाइसरॉय कर्झनने वर्षाला 25 लाख रुपये ठरवून कायमचा पट्टा करून घेतला. वसुली करणाऱ्याचा खर्च वसुलीतूनच, आणि हिशेबाची वही त्याच्याच हातात!

तोच सवाल आता विमानतळावर येतो. अकोल्याची शिवणीची धावपट्टी 1943ची. अमरावतीच्या बेलोऱ्याहून मुंबईचं नियमित प्रवासी विमान सुरू व्हायला 16 एप्रिल 2025 उजाडला. केंद्राच्या उडान या प्रादेशिक विमानसेवा योजनेत अशा विमानतळाला पोलीस आणि अग्निशमन दल राज्य सरकारने फुकट द्यायचं असतं, विमान कंपनीची तूट भरून काढायलाही सरकारच हात लावतं. कस्टमचा न्याय वेगळा. आधी सीमाशुल्क कायद्याच्या कलम 7खाली विमानतळ अधिसूचित व्हायला हवा. मग मालाचा ताबा ज्याच्याकडे, त्या कस्टोडियनच्या माथी कॉस्ट रिकव्हरी, म्हणजे तिथे नेमलेल्या कस्टम साहेबांचा खर्च: पदाच्या सरासरी खर्चाच्या 1.85 पट, वर महागाई आणि घरभाडे भत्ता. मालाचं ठरलेलं काम सलग दोन वर्षं झालं तर या खर्चाची माफी मागता येते. पण कस्टम नसताना माल येणार कुठून, आणि माल नसताना माफी कशी मिळणार?

चहाच्या ठेल्यावर कोणी "बेलोऱ्याले कस्टम पायजे" म्हटलं, की मी आधी विचारतो, पाठवणार काय? 170 किलोची रुईगाठ काही विमानाने जात नाही. वरुडचा संत्रा बांगलादेशला जातो, तोही ट्रकने. मुंबईला जाणाऱ्या छोट्या एटीआर विमानाच्या पोटात मावेल एवढ्या मालासाठी साहेबाचा पावणेदोन पटीहून जास्त पगार कोण भरेल?

2017मध्ये निर्यातदाराने स्वतःच ई-सील लावायची सोय झाली. साहेबांची जीप यायची थांबली, एमओटीही सुटली. मालक खूश झाले. मग ई-सीलचं बिल आलं.