गीतमालेची मतमोजणी

३ डिसेंबर १९५२ रोजी रेडिओ सिलोनवरून ‘बिनाका गीतमाला’चा पहिला कार्यक्रम झाला. देशातली पहिली सार्वत्रिक निवडणूक त्याच वर्षी फेब्रुवारीत संपली होती. मतपेटीत पहिले मत टाकून वर्ष होत नाही तोच लोकांना आणखी एक मत मिळाले, आणि तेही दर आठवड्याला! वर्षअखेरीस साऱ्याची बेरीज होऊन त्या वर्षीची लाडकी गाणी क्रमाने वाजत. ही वार्षिक यादी आज जुन्या रसिकतेचा पुरावा म्हणून सर्रास पुढे केली जाते. पण पुरावा म्हटला की तो कोणी आणि कसा मोजला, हे विचारावे लागते. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील जुन्या श्रोत्यांचा माग काढताना हाच प्रश्न माझ्यापुढे वारंवार आला.

हिंदी गाणी ऐकायला कोलंबो का गाठावे लागले, याचे उत्तर दिल्लीत आहे. १९५२मध्ये नभोवाणी मंत्री झालेले बा. वि. केसकर हे मराठी गृहस्थ, शास्त्रीय संगीताचे कट्टर अभिमानी. त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली, तोवर श्रोत्यांची सुई सिलोनवर स्थिरावली होती.

आमच्या भागाशी या केंद्राचे एक विलक्षण साम्य आहे. रेडिओ सिलोनचा शक्तिशाली प्रक्षेपक मूळचा दुसऱ्या महायुद्धातला. आग्नेय आशियातल्या दोस्त सैनिकांसाठी तो उभारला गेला. कल्याणजवळची लष्करी छावणीही त्याच युद्धाची. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधमधून आलेले निर्वासित राहू लागले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वस्तीचे नाव उल्हासनगर झाले. युद्ध संपल्यावर उरलेला प्रक्षेपक आणि उरलेल्या बराकी यांची गाठ पुढे बुधवारी रात्री आठ वाजता पडत गेली. अमीन सयानींची सोपी हिंदुस्थानी सिंधी कुटुंबांना परकी नव्हती, आणि शेजारच्या अंबरनाथमध्ये आगपेट्यांच्या व दारूगोळ्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्या मराठी माणसालाही ती समजत होती.

आता मोजणीकडे वळू. सुरुवातीला कार्यक्रमात सात गाणी क्रमाविना वाजत. त्यांचा लोकप्रियतेचा क्रम श्रोत्यांनी लावून पाठवायचा. बरोबर ठरणाऱ्यास शंभर रुपये. पहिल्या कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली. वर्षभरात आठवड्याचा आकडा पासष्ट हजारांवर गेला. एवढी पत्रे उघडून तपासणे अशक्य झाले, तेव्हा बक्षिसाची स्पर्धा थांबली आणि डिसेंबर १९५४पासून सयानी स्वतःच क्रमवारी सांगू लागले. ‘पायदान’ हा शब्द त्यांनीच घरोघरी रुजवला.

ही क्रमवारी ठरवताना देशभरातल्या दुकानांतील तबकड्यांचा खप पाहिला जाई. इथे आमच्या गावांचा प्रश्न उभा राहतो. तबकडी विकत घेणार कोण? ज्याच्या घरी ग्रामोफोन आहे तो. बराकीत किंवा चाळीत एका रेडिओभोवती वीस माणसे बसत. त्यांतल्या एकानेही तबकडी घेतली नाही, तर खपाच्या हिशेबात ती वीस माणसे नव्हतीच. शिवाय खप फुगवता येतो आणि मालच संपला तर तो खोटा खालीही येतो. म्हणून खपाच्या जोडीला श्रोता संघांची पसंती धरली जाऊ लागली. माझ्या मते गीतमालेच्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा बदल. वर्गणी काढून पोस्टकार्डे आणणाऱ्या, सभासदांची पसंती एकत्र करून पाठवणाऱ्या संघामुळे ग्रामोफोन नसलेल्या माणसालाही मत मिळाले.

वार्षिक यादी वाचताना आणखी एक पथ्य पाळावे. यादीतले वर्ष म्हणजे चित्रपटाचे वर्ष नव्हे. ‘डॉन’ १९७८चा, पण त्यातले किशोरकुमारांचे गाणे पहिले आले ते १९७९च्या यादीत. १९७५च्या यादीत पहिले आलेले महागाईचे गाणे १९७४च्या ‘रोटी कपडा और मकान’मधले. मे १९७४मध्ये रेल्वेचा देशव्यापी संप झाला होता आणि भाववाढीने कामगारांचे कंबरडे मोडले होते. त्यामुळे हे गाणे म्हणजे जनतेचा कौल, असे म्हणण्याचा मोह होतो. मात्र लोक चालीसाठीही गाणे निवडतात. कौल कशाला दिला, हे यादी सांगत नाही.

ते सांगतात वह्या. आठवड्याचे क्रम टिपून वर्षअखेरचा पहिला नंबर आधीच ओळखण्याची चुरस तेव्हा गल्लोगल्ली असे. मला मिळालेल्या अंबरनाथच्या एका वहीत दर तिसऱ्या बुधवारचा रकाना कोरा आहे. लिहिणारा कारखान्यात होता. दुसरी पाळी आली की गीतमाला चुके. पुढच्या पानांवर हेच रकाने भरलेले दिसतात, पण अक्षर वेगळे आहे. नवरा कामावर असताना बायकोने ऐकून ते लिहिले होते. ‘लोकप्रिय’ या शब्दातले लोक मला या दोन हस्ताक्षरांत दिसतात.

१९८९मध्ये गीतमाला विविध भारतीवर आली आणि १९९४मध्ये थांबली. २० फेब्रुवारी २०२४ रोजी सयानीही गेले. सरताज गाण्यांच्या याद्या आता कुठेही मिळतात. ती गाणी कोणी, कोणत्या घरात, कोणत्या पाळीनंतर निवडली, हे मात्र वह्यांबरोबर रद्दीत चालले आहे. दिवाळीची साफसफाई नुकतीच झाली असेल. रद्दीचा गठ्ठा अजून दाराशी असेल, तर त्यातली आकड्यांची आणि गाण्यांची एखादी वही काढून ठेवा. आमच्या गावांच्या इतिहासाला तिची गरज आहे.