ब्रूस्टर वॉर्बलर

उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात आढळणारा संकरित पक्षी. सोनेरी पंखांचा आणि निळ्या पंखांचा अशा दोन वॉर्बलरांच्या संकरातून तो जन्मतो. विल्यम ब्रूस्टर यांनी १८७४ मध्ये त्याचे वर्णन स्वतंत्र जाती म्हणून केले. त्याच वर्षी पिवळ्या अंगाचा, काळ्या गळ्याचा लॉरेन्स वॉर्बलरही नवी जाती म्हणून नोंदला गेला. तोही याच जोडीचा संकर निघाला. ही चूक क्षम्य मानावी लागते, कारण हातात होते ते फक्त संग्रहातले कातडे. उलगडा झाला तो घरट्यांपाशी बसून: वॉल्टर फॅक्सन यांनी १९१० च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समध्ये मिश्र जोड्या आणि त्यांची पिले पाहिली.

ब्रूस्टरमध्ये काळा गळा नसतो, कारण तो गुण अप्रभावी आहे. म्हणूनच लॉरेन्स दुर्मीळ. २०१६ मधील जनुकीय अभ्यासात दोन्ही मूळ जातींत ठळक फरक जनुकसंचाच्या अवघ्या सहा भागांत सापडला. त्यांतले बहुतेक पिसांच्या रंगाशी निगडित आहेत.

त्याहून विलक्षण पक्षी मे २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनियात एका हौशी निरीक्षकाला दिसला. त्याची आई ब्रूस्टर होती. बाप मात्र तांबूस कुशीचा, वेगळ्याच प्रजातीतला वॉर्बलर, आणि गाणे बापाचे.