ओंडोल
कोरियातील घरांची जमीन तापवण्याची पारंपरिक व्यवस्था. स्वयंपाकघर खोलीपेक्षा खालच्या पातळीवर ठेवून तेथील चुलीचा जाळ व धूर खोलीच्या जमिनीखालील नाळ्यांतून धुराड्याकडे नेत. नाळ्यांवर दगडी फरशा, त्यांवर मातीचा गिलावा आणि शेवटी तेल पाजलेला कागद. खरे कौशल्य ऊब सारखी वाटण्यात आहे : चुलीजवळ मातीचा थर जाड, दूरच्या टोकाला पातळ. तरीही चुलीकडची बाजू अधिक उबदार राहतेच. तेथे वडीलधाऱ्यांना व पाहुण्यांना बसवीत. जाळ विझल्यावरही तापलेले दगड तासन्‌तास ऊब देतात. मात्र गिलाव्याला तडा गेला की धूर आत शिरतो. विसाव्या शतकात चुलीत कोळशाच्या वड्या जाळू लागल्यावर कार्बन मोनॉक्साइडने झोपेतच अनेकांचे बळी घेतले.

आता जमिनीत गरम पाण्याच्या नळ्या असतात. आखणीपूर्वी खोलीतून किती उष्णता बाहेर जाते, हे काढावे लागते. त्यावरून नळ्यांमधील अंतर ठरते. ते साधारणतः १० ते ३० सेंमी. असते. मोठ्या खिडक्यांजवळ नळ्या दाट बसवतात. नळ्यांखालच्या उष्णतारोधक थरात काटकसर करणे सर्वांत महागात पडते, कारण उष्णता खाली झिरपत राहते. संपूर्ण जमीनच तापत असल्याने, रोधन चांगले असल्यास, ३५ ते ४५° से. तापमानाचे पाणी पुरते; म्हणूनच उष्णता पंपाशी या व्यवस्थेचे उत्तम जुळते. यूरोपीय मानकानुसार वावराच्या जागी जमिनीचे तापमान २९° से. पेक्षा अधिक नसावे. दक्षिण कोरियाने २०१८ मध्ये ओंडोल संस्कृतीला राष्ट्रीय अमूर्त वारशाचा दर्जा दिला.