परक्याची वस्तू आणि छायाचित्रकाराची मर्यादा

छायाचित्रणकलेच्या प्रसारामुळे खाजगीपणाच्या कल्पनेत जे बदल घडून आले, त्यांचा विचार बहुधा माणसाच्या चेहऱ्याला धरून केला जातो. परवानगीवाचून घेतलेले चित्र, जाहिरातीत झालेला त्याचा उपयोग आणि त्यातून उद्भवलेले खटले अशा क्रमाने हा इतिहास सांगितला जातो. परंतु हौशी छायाचित्रकाराचे लक्ष पहिल्यापासूनच केवळ माणसांकडे नव्हते. दारे, खिडक्या, दुकानांच्या पाट्या, रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाड्या, दोरीवर वाळत घातलेले कपडे, पायरीवर काढून ठेवलेले जोडे अशा परक्यांच्या वस्तूंचाही त्याला मोह पडत आला आहे. वस्तू लाजत नाही व तक्रारही करीत नाही. त्यामुळे तिचे चित्र घेतल्याने कोणाचे काही बिघडते असे सकृद्दर्शनी वाटत नाही.

या समजुतीची परीक्षा करताना दोन निरनिराळे प्रश्न विचारता येतात. वस्तू कोणाच्या मालकीची आहे, हा पहिला. आणि तिच्या चित्रावरून कोणत्या माणसाचा माग लागतो, हा दुसरा. न्यायालयांनी दीर्घकाळ पहिल्या प्रश्नाचा आधार घेतला. दुसरा प्रश्न काही विचारी छायाचित्रकारांना व लेखकांना आधी जाणवला, आणि कालांतराने तोच अधिक टिकाऊ ठरला. प्रस्तुत निबंधात या दोन प्रश्नांच्या प्रवासाचा संक्षेपाने मागोवा घ्यावयाचा आहे.

१. हातातला कॅमेरा आणि नवा हक्क

ओल्या काचांच्या काळात छायाचित्रकार लपून राहू शकत नसे. तिवई, काळे कापड आणि रसायनांची पेटी घेऊन तो रस्त्यात उभा राहिला की भोवती माणसे जमत. त्याचे तेथे उभे राहणे ही एका अर्थी परवानगीची मागणीच असे. १८८० च्या सुमारास कोरड्या काचा सर्रास मिळू लागल्या आणि ही स्थिती पालटली. १८८६ मध्ये स्टर्न याचा बंडीच्या आत दडवावयाचा वाटोळा कॅमेरा विक्रीस आला. १८९० नंतरच्या दशकात पॉल मार्टिन याने पुडक्यासारखा दिसणारा कॅमेरा काखेत धरून लंडनच्या रस्त्यांतील चित्रे घेतली. १८८८ मध्ये आलेला कोडॅक कॅमेरा २५ डॉलरांस मिळे व त्यात १०० चित्रांची फिल्म भरलेली असे. १९०० मध्ये आलेल्या ब्राउनीची किंमत अवघी १ डॉलर होती. अशा रीतीने परवानगी न मागता पाहणे व पाहिलेले जपून ठेवणे हे सर्वसामान्य माणसाच्या आवाक्यात आले.

या पार्श्वभूमीवर सॅम्युअल वॉरन आणि लुई ब्रँडाइस यांचा खाजगीपणाच्या हक्काविषयीचा सुप्रसिद्ध लेख १८९० च्या डिसेंबरात ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’मध्ये प्रसिद्ध झाला. क्षणचित्रे आणि वृत्तपत्रे यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. त्यांच्या युक्तिवादातील एक महत्त्वाचा आधार मात्र चेहऱ्याचा नसून वस्तूंचा होता, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांनी घरगुती हौसेखातर काही कोरीव चित्रे तयार केली होती. त्यांच्या काही प्रती बाहेर गेल्या आणि त्यांचे प्रदर्शन भरवून वर्णनात्मक सूची छापण्याचा घाट घातला गेला. १८४९ मध्ये इंग्लंडमधील न्यायालयाने प्रदर्शनास मनाई केलीच, शिवाय सूचीसही केली. वॉरन व ब्रँडाइस यांनी विचारले की, जपावयाची होती ती केवळ मालमत्ता असेल, तर नुसत्या वर्णनाला प्रतिबंध कशासाठी? वर्णनाने तर चित्रांचा एक कपटाही मालकाच्या हातून जात नाही. यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला की, या निर्णयाच्या मुळाशी असलेले तत्त्व मालमत्तेचे नसून व्यक्तिमत्त्वाच्या अखंडतेचे आहे.

या निष्कर्षाचा पुढील कायद्यावर झालेला परिणाम मात्र एकांगी होता. न्यूयॉर्कचा १९०३ चा कायदा, जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९०५ चा निर्णय आणि बिस्मार्कच्या मृतदेहाचे चोरून छायाचित्र घेतले गेल्यानंतर जर्मनीत १९०७ मध्ये झालेला कायदा या सर्वांनी माणसाच्या प्रतिमेला संरक्षण दिले. माणसाच्या वस्तूंचा प्रश्न त्यांच्या कक्षेबाहेर राहिला.

२. पॅरिसमधील घरे

वस्तूंच्या चित्रणात कोणती मर्यादा पाळावी, याचा एक उद्बोधक दाखला युजेन आत्जे (१८५७–१९२७) याच्या कामात सापडतो. आत्जे हा धंद्याने छायाचित्रकार होता. चित्रकार, कारागीर आणि संग्रहालये यांना तो जुन्या पॅरिसची चित्रे विकी. त्याच्या काचांवर माणसे थोडी आणि वस्तू फार. १९१० मध्ये त्याने पॅरिसमधील गाड्यांचा एक संग्रह तयार केला आणि त्याच वर्षी पॅरिसमधील घरांच्या अंतर्भागांचाही. या दुसऱ्या संग्रहात पलंग, शेगड्या, आरसे, पुस्तकांची कपाटे आणि भिंतीवरील तसबिरी आहेत. घरात राहणारी माणसे नाहीत. बहुतेक चित्रांखाली राहणाऱ्याच्या नावाचे आद्याक्षर, त्याचा व्यवसाय आणि रस्त्याचे नाव एवढेच दिले आहे. अमुक टोप्या करणारी, अमुक सावकार, अमुक कामगार, अशी ही ओळख.

या संग्रहाचा अभ्यास करून मॉली नेस्बिट यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात जे दाखविले, ते प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. त्यातील काही खोल्या स्वतः आत्जे याच्याच घरातील होत्या; परंतु त्यांच्याखाली दुसऱ्याच कोणाचे आद्याक्षर आणि दुसरा व्यवसाय लिहिलेला होता. याला केवळ लबाडी म्हणून सोडून देणे बरोबर होणार नाही. आत्जे याला वर्गाचे व व्यवसायाचे घर दाखवावयाचे होते, एखाद्या विशिष्ट माणसाचे नव्हे. आद्याक्षराने चित्राला खरेपणाचा भास लाभे आणि घरमालकाभोवती पडदाही राही. स्वतःचे घर दाखविताना तर त्याने हा पडदा अधिकच दाट केला. दुसऱ्याच्या घरात डोकावण्याची सोय आपण ग्राहकाला करून देत आहोत, याची जाणीव असल्याखेरीज माणूस आपल्या पलंगाला परक्याचे नाव देणार नाही.

३. अलाबामातील जोडे

नाव झाकल्याने प्रश्न सुटतो, असा मात्र याचा अर्थ नव्हे. १९३६ च्या उन्हाळ्यात लेखक जेम्स एजी आणि छायाचित्रकार वॉकर एव्हन्स हे ‘फॉर्च्यून’ मासिकासाठी अलाबामातील हेल परगण्यात गेले आणि कापूस पिकविणाऱ्या तीन कूळ कुटुंबांबरोबर त्यांनी काही आठवडे काढले. मासिकाने लेख छापला नाही. पुढे १९४१ मध्ये त्याचे पुस्तक झाले. एव्हन्सच्या चित्रांत माणसे आहेत, तशाच वस्तूही आहेत. उघड्या मातीवर ठेवलेले कामाचे झिजलेले बूट, स्वयंपाकघराच्या भिंतीवर ठोकलेल्या फळीच्या पट्टीमागे खोचलेले काटे-चमचे अशी ती चित्रे होत. एजी याने तर घरातील माणसे बाहेर असताना खणांतील एकेक वस्तूची नोंद केली आणि या कृत्याची टोचणी ग्रंथात लपविली नाही. ग्रंथातील व्यक्तींच्या यादीत त्याने स्वतःची गणना हेर म्हणून केली आहे.

या दोघांनी पाळलेली मर्यादा दुहेरी होती. ग्रंथात कुटुंबांची नावे बदललेली आहेत आणि चित्रांखाली काहीही लिहिलेले नाही. परंतु एव्हन्स त्या वेळी सरकारी नोकरीत होता आणि चित्रांची मालकी सरकारकडे होती. ती सरकारी संग्रहात गेली व तेथून अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात आली. तेथील मथळ्यांत कुटुंबांची खरी नावे नोंदलेली आहेत. परिणामी ग्रंथात ज्यांना अनामिक ठेवले होते, त्यांच्या बुटांनाही सूचीत नाव मिळाले. पुढे ग्रंथाची कीर्ती वाढली तसे पत्रकार या कुटुंबांच्या दारी गेले. आपले दारिद्र्य जगापुढे मांडले गेले याचा सल वंशजांपैकी काहींनी बोलून दाखविला, तर काहींना त्यात वावगे वाटले नाही.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. बुटांच्या चित्रात चोरी नव्हती. बूट मालकाकडेच राहिले. अपमान झाला असेल तर तो मालमत्तेचा नव्हे, माणसाचा. आणि तो चित्र व नाव यांची गाठ पडली तेव्हा झाला.

४. मालकीच्या प्रश्नाची मर्यादा

युरोपातील न्यायालये या निष्कर्षाप्रत सावकाश आली. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १९७४ मध्ये टेगेल येथील वाड्याच्या प्रकरणात असे ठरविले की, खाजगी आवारात शिरून घेतलेल्या चित्राच्या धंदेवाईक उपयोगास मालकाची संमती हवी. १९८९ मध्ये त्याच न्यायालयाने सार्वजनिक रस्त्यावरून घेतलेल्या घराच्या चित्रास अशी संमती आवश्यक नसल्याचा निर्णय दिला. येथे भेद केला गेला तो छायाचित्रकार कोठे उभा आहे यावरून.

फ्रान्समधील वाटचाल अधिक नाट्यमय झाली. नॉर्मंडीतील बेनूव्हील येथे गाँद्रे कुटुंबाचे एक उपाहारगृह आहे. जून १९४४ मधील स्वारीत प्रथम मुक्त झालेल्या घरांपैकी एक म्हणून त्याची ख्याती असून त्याची चित्रकार्डे विकली जात. १० मार्च १९९९ रोजी फ्रान्सच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने असे ठरविले की, आपल्या वस्तूचा प्रतिमारूपाने लाभ घेण्याचा अधिकार फक्त मालकालाच आहे. हे तत्त्व शेवटपर्यंत ताणले असते, तर रस्त्यावरचे एकही दार वा गाडी मालकाच्या संमतीविना छापणे कठीण झाले असते. पाच वर्षांनी, ७ मे २००४ रोजी, रूआँ शहरातील एका जुन्या हवेलीच्या चित्रावरून निघालेल्या वादात त्याच न्यायालयाच्या पूर्ण पीठाने भूमिका बदलली. वस्तूच्या प्रतिमेवर मालकाचा अनन्य हक्क नाही. मात्र त्या प्रतिमेच्या उपयोगाने त्याला असाधारण उपद्रव होत असेल, तर त्याला हरकत घेता येईल, असा नवा निर्णय झाला. मालकीच्या जागी माणसाला होणारा उपद्रव आला. वॉरन व ब्रँडाइस यांनी १८९० मध्ये मांडलेला विचार अशा रीतीने वस्तूंच्या बाबतीतही मान्य झाला.

याच काळात वस्तू आणि माणूस यांना जोडणारा धागा यंत्रांमुळे अधिक बळकट होत होता. पॅरिसमध्ये १८९३ पासून मोटारगाड्यांना ओळखपाटी सक्तीची झाली. तेव्हा तिचा उपयोग पोलिसांपुरता होता. आज पाटीचे चित्र कोणालाही क्षणार्धात जगभर धाडता येते. २००७ मध्ये गूगलने रस्त्यांची सलग चित्रे उपलब्ध करून दिली आणि टीका झाल्यावर चेहऱ्यांबरोबर गाड्यांचे क्रमांकही पुसट करण्याची रीत अवलंबिली. क्रमांकाला चेहऱ्याची बरोबरी मिळाली, ती तोही माणसापर्यंत नेतो म्हणून.

भारतात छायाचित्रणाची हौस जुनी आहे. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू नारायण दाजी हे तिचे सभासद होते. खाजगीपणाच्या हक्काची वाटचाल मात्र मंद राहिली. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये खरकसिंग प्रकरणात तो मूलभूत हक्क असल्याचे बहुमताने नाकारले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो एकमताने मान्य केला. माणूस सार्वजनिक जागी आला एवढ्याने त्याचा खाजगीपणा संपत नाही, कारण तो जागेला नव्हे तर व्यक्तीला चिकटलेला असतो, हा विचार त्या निर्णयात आहे. दारापुढे उभ्या केलेल्या सायकलीला वा फुटपाथवर झोपणाऱ्याच्या गाठोड्याला तो कितपत लागू पडतो, हे प्रकरणाप्रकरणाने ठरावयाचे आहे.

५. उपसंहार

शिकागोत मुलांचा सांभाळ करून राहणाऱ्या व्हिव्हियन मायर (१९२६–२००९) या हौशी छायाचित्रकर्तीचे उदाहरण या चर्चेच्या अखेरीस विचारात घेणे उचित होईल. तिने अनोळखी माणसांबरोबरच त्यांच्या टाकलेल्या वस्तूंची, कचऱ्याच्या पिंपांची व वर्तमानपत्रांच्या ढिगांची चित्रे घेतली आणि ती जवळजवळ कोणालाही दाखविली नाहीत. २००७ मध्ये भाडे थकल्यामुळे तिच्या कोठारातील सामानाचा लिलाव झाला. २०१३ च्या माहितीपटात तिच्या टोप्या, पावत्या आणि बूट जमिनीवर मांडून प्रेक्षकांना दाखविले गेले. कायद्याने त्या वस्तू आता दुसऱ्याच्या होत्या. तरीही त्या पाहताना मायरविषयी काही कळते, आणि ते तिने कळू दिले नव्हते.

या इतिहासावरून हौशी छायाचित्रकाराने पाळावयाचे नियम फार थोडे निघतात. सार्वजनिक रस्त्यावरून दिसणारी वस्तू टिपण्यास सामान्यतः हरकत नसावी. कुंपणापलीकडे वा पडद्याआड शिरण्यास असावी. नाव, क्रमांक, पत्ता ही माणसाकडे नेणारी चिन्हे झाकावीत आणि चित्र जेथे जमा होईल तेथील सूचीतही ती झाकलेली राहतील असे पाहावे. ज्या वस्तूवरून मालकाचे दारिद्र्य, आजार किंवा श्रद्धा उघड होते, तिच्याबाबत मालकाला विचारावे. विचारणे शक्य नसेल, तर चित्र न घेणे बरे. ज्याचे घर रस्त्यावरच आहे, त्याच्या बाबतीत हा शेवटचा नियम अधिक कसोशीने पाळावयास हवा. कारण कुंपण व पडदा यांचा जो आडोसा इतरांना आपोआप मिळतो, तो त्याला केवळ पाहणाऱ्याच्या संयमातूनच मिळू शकतो.