चतुःसीमेचे शब्द आणि यंत्राचा नकाशा

मैलूर, बिदर, भालकी, बसवकल्याण या टापूत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घराण्यांच्या जुन्या पेटीत एखादे तरी खरेदीखत वा वाटणीपत्र सापडतेच. कधी ते मोडीत असते, कधी निजामी दफ्तराच्या उर्दूत. साल फसली असते आणि शेताचे वर्णन चार दिशांनी केलेले असते. आमच्या घरी असाच एक कागद आहे, फसली १३४० चा, म्हणजे इ. स. १९३०–३१ चा. पूर्वेस ओढा, पश्चिमेस गाडीवाट, दक्षिणेस भाऊबंदांचे शेत, उत्तरेस गायरान; आत एक विहीर व दोन चिंचा. नकाशा नाही.

गेल्या वर्षी घरातील तरुण मंडळींनी या मजकुराचे लिप्यंतर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका साधनापुढे ठेवले आणि आकृती मागितली. क्षणार्धात सुबक नकाशा तयार झाला. शेत काटकोनी, ओढा पट्टीने आखल्यासारखा सरळ, विहीर बरोबर मध्यभागी, खाली मोजपट्टीही! वाटणीची बोलणी चालू होती. विहीर कोणाच्या हिश्श्यात येते, यावर सगळे अडले होते. तो कागद पाहून एका पक्षाला वाटले, निकाल लागला. आम्ही सरकारी नोकरीत आयुष्यभर जमिनीचे कागद हाताळले. म्हणून एवढेच विचारले, की विहीर मध्यभागी आहे हे मूळ कागदात कोठे लिहिले आहे? ते कोठेच लिहिलेले नव्हते.

शब्दांवरून आकृती काढण्याचा प्रश्न आपल्या भूमीला नवा नाही. ज्या कल्याण नगरीला आज आपण बसवकल्याण म्हणतो, तेथे चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य (इ. स. १०७६–११२६) याच्या काळात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. आपल्या घराण्यांच्या वाटण्या ज्या हिंदू कायद्याने झाल्या त्याचा पाया हाच ग्रंथ. त्यात सीमावादाचे स्वतंत्र प्रकरण आहे. सीमेची खूण कोळसा, तूस, झाडे, बांध, वारूळ, सखल जागा, हाडे, देवस्थान यांवरून ओळखावी. आणि ती कोणी दाखवावी, तर शेजारच्यांनी, वृद्धांनी, गुराख्यांनी, रानात वावरणाऱ्यांनी. म्हणजे सीमेचे शब्द कागदावर पुरे होत नाहीत. ते जमिनीवर उभे राहून, जाणत्या माणसाच्या बोटाने पुरे होतात, हे या शास्त्राने गृहीतच धरले होते.

दुसरी साक्ष गणिताची. सह्याद्रीच्या परिसरातले भास्कराचार्य (जन्म इ. स. १११४) यांनी इ. स. ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’त चौकोनाच्या क्षेत्रफळाविषयी एक कडक शेरा मारला आहे. चार बाजू दिल्या, पण कर्ण किंवा लंब यांपैकी एकही दिला नाही, तर आकृती निश्चित होत नाही. तरीही जो निश्चित क्षेत्रफळ विचारतो त्याला ते पिशाच म्हणतात, आणि जो उत्तर देतो त्याला त्याहूनही मोठे! आमच्या खात्याच्या भाषेत याचा अर्थ सांगतो. ३३ फुटांची एक साखळी. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा. ४० गुंठ्यांचा एकर. चारही बाजू चार चार साखळ्यांच्या असलेले शेत चौरस असेल तर १६ गुंठे भरते. त्याच चार बाजू तशाच ठेवून चौकोन कलंडवला आणि एका कोपऱ्याचा कोन ३० अंशांचा केला, तर तेच शेत ८ गुंठ्यांचे होते. बाजूंत इंचाचाही फरक नाही, जमीन मात्र निम्मी. आमच्या खतात तर बाजूंची लांबीही नव्हती, केवळ शेजार होता. त्यावरून कोण कोणाला लागून आहे एवढे कळते. आकार कळत नाही.

ही उणीव भरून काढली ती मोजणीने. मुंबई इलाख्यात इ. स. १८३५–३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी जी पद्धत बसवली, तिचा प्रभाव पुढे हैदराबाद संस्थानातही पोहोचला. मोजणीच्या वेळी प्रत्येक शेताचे टिप्पण तयार होई. शेतातून एक मुख्य रेषा साखळीने मोजायची, प्रत्येक कोपऱ्यापासून तिच्यावर लंब टाकायचा आणि त्याची लांबी नोंदवायची. भास्कराचार्यांनी मागितलेला लंब तो हाच! टिप्पणाचे चित्र हाताने काढलेले, वेडेवाकडे, प्रमाणात नसलेले असते. परंतु आकडे खरे असतात आणि त्यांवरून शेत पुन्हा जमिनीवर आखता येते. यंत्राच्या नकाशाचे नेमके उलट होते. चित्र रेखीव, आणि मोजलेला आकडा एकही नाही.

यंत्र असे का करते, हेही समजून घेतले पाहिजे. शब्दांवरून चित्र काढणारी साधने इ. स. २०२१ नंतर लोकांसमोर आली. ती असंख्य चित्रे व त्यांची वर्णने पाहून शिकलेली असतात. शेत म्हटले की बहुधा कसे दिसते, एवढेच त्यांना ठाऊक. जेथे मजकूर गप्प असतो तेथे ती थांबत नाहीत, संभाव्य ते भरतात. याहून वेगळी, जुनी एक वाट आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ब्रायन कर्निघन यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी ‘पिक’ नावाची छोटी भाषा तयार केली. तीत आकृती शब्दांत लिहायची आणि संगणकाने ती रेखाटायची. पुढे त्याच प्रयोगशाळेतून ‘ग्राफविझ’ आले, इ. स. २०१४ मध्ये ‘मर्मेड’ आले. आजची बुद्धिमान साधने अशा भाषांतही आकृती लिहून देतात. तेथेही चूक होतेच. पण प्रत्येक रेषेमागे एक लिहिलेली ओळ असते, आणि ती ओळ मूळ कागदाशी ताडून पाहता येते.

आम्ही घरी तसेच केले. त्याच साधनाला प्रथम विचारले की या मजकुरातून काय निश्चित कळते आणि काय कळत नाही, याच्या दोन याद्या दे. दुसरी यादी पहिलीपेक्षा लांब निघाली. मग सांगितले, चारी शेजार दाखव, विहीर शेतात कोठेही ठेवू नकोस, बाजूला नुसती नोंद कर. लांबी लिहू नकोस. जे गृहीत धरशील ते तुटक रेषेने काढ. जो कच्चा आराखडा आला तो पहिल्याइतका देखणा नव्हता, पण त्यात खोटे काही नव्हते. तो, भूमापन खात्यातून काढलेली टिप्पणाची नक्कल आणि गावातील एक ऐंशी वर्षांचे गृहस्थ, असे सर्व घेऊन आम्ही शेतावर गेलो. ओढ्याने पात्र बदलले होते. चिंचांपैकी एक उरली होती. बुजलेली विहीर पश्चिमेच्या गाडीवाटेपासून हाकेच्या अंतरावर निघाली. यंत्राच्या पहिल्या चित्रावर सही झाली असती, तर विहीर ज्याच्या वाट्याला येत होती त्याने ती कायमची गमावली असती.

इ. स. १९०८ च्या नोंदणी कायद्याचे २१ वे कलम मिळकतीचे वर्णन ती ओळखता येईल इतके पुरेसे असावे असे सांगते. क्षेत्र आणि चतुःसीमा यांत विरोध आला तर सामान्यतः चतुःसीमेला वजन दिले जाते, ही न्यायालयांची रीतही जुनीच. म्हणून त्या चार ओळी साध्या नव्हेत.

इ. स. १९५६ च्या नोव्हेंबरात जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत विभागला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले, आपण येथे राहिलो. दफ्तराची भाषा उर्दूवरून कन्नडवर आली. मोडी वाचणारे आता विरळा. गाडीवाट, पाणंद, गायरान हे शब्द ज्यांच्या डोळ्यांसमोर जागेसह उभे राहतात अशी माणसे दर वर्षी कमी होत आहेत. यंत्र पुढच्या वर्षीही असेल आणि अधिक हुशार असेल. आमची विनंती एवढीच, की पेटीतील कागद या उन्हाळ्यात बाहेर काढावा, घरातील वृद्धांना शेतावर न्यावे आणि ते जेथे बोट दाखवतील ती जागा मोजून लिहून ठेवावी. आकृती नंतर कोणीही काढील.